तिघांची विहीर आणि माझा अर्धा तास

भवानीनगर, ६ जानेवारी २०२५

ती. तात्या,

नमस्कार. गुडघा कसा आहे ते आधी कळवा. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं की तुमची नात श्रेया ते सगळ्या घराला वाचून दाखवते, म्हणून बंद पाकीट दीपककडे देत आहे. त्याचा भाजीचा टेंपो रोज बारामतीच्या मार्केट यार्डला येतो. पाकिटाच्या जोडावर मी आडवी सही केली आहे. ती तुटलेली दिसली तर कळवा. दीपकवर संशय नाही, पण कळवा.

तुम्ही लेकीकडे जाताना विहिरीच्या व्हॉल्व्हची चावी माझ्या हातात दिली, त्याला आज पंचेचाळीस दिवस झाले. एकही पाळी चुकलेली नाही. लाईट आठ तास. संभाजीराव, बादशाहभाई आणि बनाकाकू यांचे प्रत्येकी अडीच तास, आणि उरलेला अर्धा तास चावी फिरवण्याबद्दल माझा. त्या अर्ध्या तासावर माझे ४२० ट्रे आहेत. एका ट्रेमध्ये ४२ म्हणजे उसाची १७,६४० रोपं. शेतकऱ्यांनी सगळी आधीच सांगून ठेवलेली आहेत आणि १५ फेब्रुवारीला लावणीला जायची आहेत. आयटीआय अर्धवट सोडल्यापासून मी पुरं करीन असं वाटणारं हे पहिलंच काम आहे.

काळजीची गोष्ट अशी. काल संभाजीराव विहिरीच्या कठड्यावर बसून मला म्हणाले, "बादशाह बोर मारतोय म्हणं. त्याच्याशी नीट बोलत जा." ते स्वतःही बादशाहभाईंच्या म्हशीला रोज उसाच्या वाढ्यांचा भारा टाकतात. मी रात्रभर विचार केला. विहीर संभाजीरावांच्या रानात, मोटर आणि कनेक्शन बादशाहभाईंचं, पाईपलाईन बनाकाकूंच्या बांधावरून. बादशाहभाई मोटर काढून गेले तर उरलेल्या दोघांकडे एक खड्डा आणि एक पाईप उरतो, आणि माझ्याकडे चावी.

बोरचं खरं आहे का?

तुमचा
इंद्रजित


बारामती, ९ जानेवारी

चि. इंद्रजित,

सही शाबूत होती. गुडघा वाकतो, पण सरळ होताना कुरकुरतो. लेक, म्हणजे राजलक्ष्मी, मला मीठ देत नाही, त्यामुळे जेवणाविषयी काही लिहीत नाही.

बादशाहची बोर मी बावीस वर्षं ऐकतोय. तू रोपांकडे बघ. कठड्यावर माणसं काय बोलतात ते ऐकावं आणि चावी फिरवून घरी यावं. खोलात जाऊ नये.

तात्या


भवानीनगर, १५ जानेवारी

ती. तात्या,

बोरची तयारी बावीस वर्षं चालू आहे हे मला तुमच्या पत्रावरूनच कळलं. एवढ्या जुन्या गोष्टीचा तपास व्हायलाच हवा म्हणून मी एक वही केली आणि तिघांना वेगवेगळं भेटलो.

बादशाहभाई दुकानात गूळ तोलत होते. म्हणाले, "बोर? मी? अरं, माझ्या रानात खाली काळा खडक हाय. ती मशीन माझ्याच नावानं शिव्या घालंल." मग वाकून हळूच म्हणाले, "खरी भीती संभाजीची हाय. त्यो कॅनॉलचा सात नंबर फॉर्म भरतोय. त्याला कॅनॉल मिळाला की हिरीवर कुलूप. म्हणून तर आमची शमशाद दर जुम्म्याला त्येंच्या घरी डबा धाडती."

मी संभाजीरावांकडे गेलो. ते हसायलाच लागले. "कॅनॉल? माझं रान चढाला हाय. पाणी काय शिडी लावून चढंल?" पण मग त्यांनीही इकडेतिकडे बघितलं. "बनावैनीचं बघ तू. तिचा बारामतीचा भाचा तिला शेततळं करून देणार हाय. एकदा तळं झालं की ती पाईप उपटून टाकंल." बादशाहभाईंनाही तेच वाटतं. म्हणून उन्हाळ्यात दोघांच्याही आंब्यांची पहिली पाटी बनाकाकूंच्या घरी जाते.

बनाकाकू म्हणाल्या, "भाचा? त्यो माझा फोन उचलत न्हाय, तळं कुठलं उचलतोय." आणि त्यांची भीती ऐका. त्यांना वाटतं की हे दोघं मिळून रस्त्याकडून नवा पाईप टाकणार आणि त्यांना वगळणार. म्हणून दोघांची जनावरं बांधावर आली तरी त्या ब्र काढत नाहीत. मी रस्त्याकडची बाजू टेपने मोजली. १,१४० फूट आहे, मध्ये मोरी आहे आणि म्हसोबाचा ओटा आहे. तिकडून पाईप जाणं अशक्य.

म्हणजे तात्या, कोणीही कुठंही जाणार नाही. जाऊच शकत नाही. बावीस वर्षं ही तीन माणसं विनाकारण घाबरून आहेत. मला इतकं हलकं वाटलं की परवापासून प्रथमच नीट जेवलो. मी सगळं एका कागदावर मुद्देसूद लिहून त्याच्या तीन प्रती केल्या आहेत. रविवारी, १९ तारखेला, सकाळी नऊ वाजता विहिरीवर बैठक ठेवली आहे. सगळ्यांची भीती गेली की विहीर कायमची पक्की होईल आणि माझी रोपंही.

तुम्ही असता तर तुम्हाला समाधान वाटलं असतं.

इंद्रजित


बारामती, १६ जानेवारी

इंद्रजित,

बैठक घेऊ नकोस. कागद चुलीत घाल, तिन्ही प्रती. रविवारी तुला ताप आला आहे असं समज आणि पांघरूण घेऊन पड. सविस्तर मागून लिहितो. हे पाकीट दीपकला उद्या पहाटेच दे म्हणून श्रेयाला यार्डात पाठवतोय.

तात्या


भवानीनगर, २३ जानेवारी

ती. तात्या,

तुमचं १६ तारखेचं पत्र मला २१ ला मिळालं. दीपकच्या टेंपोची क्लच प्लेट गेली होती आणि तुमचं पाकीट चार दिवस गॅरेजात दोडक्यांच्या पोत्याखाली होतं. सही शाबूत होती.

रविवारची बैठक उत्तम झाली. म्हणजे रविवारपुरती. मी कागद वाचला. तिघंही कान देऊन ऐकत होते. बोर नाही, कॅनॉल नाही, शेततळं नाही, रस्त्याकडचा पाईप नाही. वाचून झालं. मग बादशाहभाई म्हणाले, "म्हंजी कुणीच कुठं जाईत न्हाय." संभाजीराव म्हणाले, "जातंय कुठं." बनाकाकू म्हणाल्या, "मी उगंच आंबं गोड मानून घेतलं." चहा झाला. प्रत्येकाने आपापली प्रत घडी करून खिशात ठेवली, काकूंनी पिशवीत. मला वाटलं, झालं.

सोमवारी संभाजीरावांनी अर्धा तास जास्त घेतला. मी चावी घेऊन उभा होतो. म्हणाले, "हीर माझी हाय न्हवं? बादशाह काय करंल? मोटर नेऊन घरात पंखा म्हणून लावंल?"

दुपारी बादशाहभाईंनी तिन्ही फ्यूज काढले, रुमालात बांधले आणि दुकानाच्या गल्ल्यात, खडीसाखरेच्या डब्याशेजारी ठेवले. "संभाजीला सांग, हीर तुझी हाय तर घागरीनं उपस."

मंगळवारी बनाकाकूंनी व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर बाभळीचे काटे टाकले आणि शेजारी बाज टाकून तिच्यावर लसूण सोलत बसल्या. "हितनं पुढं पहिली पाळी माझी. पाईपवर मी बसलीया."

मी तिघांना हात जोडून सांगितलं की सगळ्यांचाच ऊस वाळेल. तिघांनी अगदी एकच उत्तर दिलं. वाळू दे, त्यास्नी जायाला कुठं जागा हाय, दोन दिवसांत वाकून येत्याल. संभाजीरावांनी तर खिशातून कागद काढला आणि मला मुद्दा क्रमांक एक वाचून दाखवला. माझाच कागद तिघंही मला वाचून दाखवतात तात्या, आणि त्यात एकही चूक सापडत नाही.

डबे बंद झाले आहेत. वाढ्यांचा भारा बंद झाला आहे. बादशाहभाईंची म्हैस संध्याकाळी संभाजीरावांच्या वाटेकडे तोंड करून हंबरते.

आज तिसरा दिवस, थेंब नाही. मी गावातल्या हापशावरून पंधरा लिटरचे कॅन सायकलवर आणतो. ट्रेला सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा लिटर धरला तर दिवसाला २८ कॅन होतात. काल १९ झाले. कडेच्या ट्रेमधल्या पानांची टोकं पिवळी पडली आहेत. ही रोपं गेली तर पुन्हा कोणी मला एक ट्रेसुद्धा सांगणार नाही, आणि घरात पुन्हा तेच सुरू होईल, की हा काही शेवटाला नेत नाही.

मी सगळं खरं लिहिलं होतं. मग हे असं कसं झालं?

इंद्रजित


बारामती, २५ जानेवारी

चि. इंद्रजित,

शांत बस आणि वाच.

तुझ्या कागदात चूक नव्हती. बावीस वर्षं मी हेच सगळं जाणून होतो. संभाजीचं रान चढाला आहे हे आंधळ्याच्याही पायाला कळेल. पण बादशाहला वाटायचं की संभाजी जाईल, म्हणून बादशाह नीट वागायचा. संभाजीला वाटायचं की बादशाह जाईल, म्हणून तो भारा टाकायचा. बनाबाई दोघांना भ्यायची आणि दोघं तिला. तिघंही भिऊन एकमेकांच्या घरी डबे पाठवत होते आणि विहीर चालत होती. तू त्यांना सांगितलंस की समोरचा बांधलेला आहे. बांधलेल्या माणसाला कोण डबा पाठवतो?

मी कधी खोटं बोललो असं समजू नकोस. एकदा बोरची गाडी बादशाहच्या दुकानासमोर उभी होती. डायव्हर तंबाखू घ्यायला उतरला होता. संभाजीने मला विचारलं, गाडी कशाला आली? मी म्हणालो, मला काय माहीत. मला माहीत होतं. बावीस वर्षांत माझं पाप म्हणशील तर एवढंच. बाकीचं त्यांनीच घरी जाऊन वाढवलं.

आता तुला म्हणावं की कोणीतरी जातंय अशी हूल उठव, तर ते तुला जमणार नाही. लहानपणी जांभळं खाल्ली नाहीत म्हणताना तू जीभ बाहेर काढून दाखवायचास. तेव्हा तू काहीच करू नकोस. फक्त दुसरा कागद लिहू नकोस. कॅन आणत राहा. कडेचे ट्रे मधे घे, मधले कडेला.

तात्या


भवानीनगर, १ फेब्रुवारी

ती. तात्या,

पाणी सुरू झालं. पण माझं बंद झालं. क्रमाने लिहितो.

मंगळवारी बनाकाकूंच्या नातीला, सुप्रियाला, बघायला पाहुणे आले. मी तिथे खुर्च्या मांडायला होतो, त्यामुळे हे डोळ्यांनी बघितलेलं आहे. मुलाच्या बाजूने भीमाराव आले होते, तळहातावर नारळ आडवा धरून जमिनीतलं पाणी सांगणारे, तेच. मुलगा त्यांचा पुतण्या. पसंती झाली. निघताना काकूंनी भीमारावांना टोपी, टॉवेल आणि नारळ दिला. त्यांची मोटारसायकल ओढ्यापलीकडे होती, म्हणून ते काकूंच्या रानातून बांधाबांधाने चालत गेले. टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर, नारळ उघड्या तळहातावर. वाटेत तीन ठिकाणी थांबले. पहिल्यांदा चपलेत काटा गेला, दुसऱ्यांदा फोन आला, तिसऱ्यांदा का ते लिहीत नाही. तिसऱ्या ठिकाणी ते बराच वेळ खाली बघत उभे होते.

एका बांधावरून संभाजीराव बघत होते. दुसऱ्यावरून बादशाहभाई.

पाच मिनिटांत संभाजीराव माझ्याकडे आले. "भीमाराव कशाला आलता रं?"

मी सांगितलं, "सुप्रियाला बघायला. पाहुणे होते."

"पाहुणं," ते म्हणाले. "नारळ हातावर घिऊन?"

"तो आहेराचा नारळ होता."

"तीन जाग्याला थांबला त्यो. मी मोजलंय. तिसऱ्या जाग्याला तर हाललाच न्हाय. तुला बनावैनीनं गप ऱ्हायला सांगितलंय, व्हय ना? बरं. नको सांगूस."

मग बादशाहभाई आले. त्यांनाही मी खरंच सांगितलं, काट्यासकट. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इंद्रजित, तुला खोटं बोलता येत न्हाय, उगं कशाला तरास करून घेतूस? वैनी बोर मारती. पाणी भरपूर लागलंय. तोंडावर लिहिलंय तुझ्या."

माझ्या तोंडावर काय लिहिलं होतं मला माहीत नाही. मी फक्त ट्रेचा विचार करत होतो.

संध्याकाळी फ्यूज बसले. संभाजीरावांनी वाढ्यांचे दोन भारे काकूंच्या गोठ्यात टाकले. शमशादचाचींनी सुप्रियासाठी शेवयांचा डबा पाठवला. हे सगळं बघून काकू घाबरल्या. मला आत बोलावून म्हणाल्या, "दोघं येकदम येवढं गोड बोलत्यात. म्हंजी रस्त्याकडनं पाईप टाकायचं पक्कं झालं." मी मोरी आणि म्हसोबा पुन्हा सांगितले. "तुझा टेप गुंडाळून ठेव," म्हणाल्या आणि स्वतः जाऊन काटे उचलले.

इथपर्यंत चांगलं. पण काल तिघं कठड्यावर बसले आणि एकमेकांना आग्रह करू लागले. संभाजीराव म्हणाले, "वैनी, तुमी धा मिंटं जादा घ्या." काकू म्हणाल्या, "मला कशाला, बादशाहभाईंना द्या." बादशाहभाई म्हणाले, "आदी संभाजीराव." शेवटी असं ठरलं की तिघांनीही दहा-दहा मिनिटं जास्त घ्यायची. प्रत्येकाने दुसऱ्याला दिली म्हणून तिघंही खूश होते. दहा त्रिक तीस, म्हणजे माझा अर्धा तास. मी हे म्हणालो. संभाजीराव अगदी मायेने म्हणाले, "अरं, चावी काय, कुणीबी फिरवंल. तू हापसा मारतोयस की चांगला."

तात्या, तिघांपैकी एकही गेला तर विहीर बंद पडते. मी गेलो तर काहीच बंद पडत नाही. हे मला मोजून काढावं लागलं नाही.

चौदा दिवस राहिले आहेत. कालपर्यंत ६१ ट्रे गेले. सायकलचा मागचा टायर गुळगुळीत झाला आहे.

इंद्रजित


बारामती, ३ फेब्रुवारी

चि. इंद्रजित,

भीमा माझा जुना ओळखीचा. स्थळ मीच सुचवलं होतं, आणि स्थळ चांगलं आहे. मुलगा शिकलेला आहे, तंबाखू खात नाही. गाडी ओढ्यापलीकडे लाव, अलीकडे उसाच्या ट्रॉल्या वाट अडवतात, एवढं मी कळवलं होतं. ट्रॉल्या अडवतात की नाही? अडवतात. नारळ देणं बनाबाईची रीत आहे. काट्याशी माझा संबंध नाही.

अर्ध्या तासाचं वाचून वाईट वाटलं. ते मला आधी सुचायला हवं होतं. मी होतो तेव्हा माझ्याशी वाकडं घ्यायला ते बिचकायचे, का ते मी कधी विचारलं नाही. तुला ते तसं समजत नाहीत, कारण तू रोज सकाळी न चुकता हजर असतोस.

संभाजी गुरुवारी डोळे दाखवायला बारामतीला येणार आहे. चहाला येईल. तुझ्याबद्दल मी एक शब्दही खोटा बोलणार नाही, त्याची काळजी करू नकोस.

तात्या


भवानीनगर, ९ फेब्रुवारी

ती. तात्या,

शुक्रवारी सकाळी मी हापशावर होतो. संभाजीराव स्वतः चालत आले. त्यांच्या डोळ्यात अजून औषध होतं, त्यामुळे ते माझ्याऐवजी हापशाच्या दांड्याशी बोलत होते. म्हणाले, "तात्याकडं गेलतो. बराय त्यो. एमआयडीसीच्या अंगाला येखादी खोली हाय का म्हणून ईचारत होता. येकट्या पोराला ऱ्हाण्यासारखी."

मी कॅन खाली ठेवला.

"आमी सांगायचं म्हंजी," ते म्हणाले, "कंपनीत काय आठ-आठ तास हुबं ऱ्हायाचं. हितं मोकळं हाय. आन् चावीचं म्हणशील तर ती मला जमत न्हाय. बुधवारी मी फिरवली तर बादशाहच्या पाळीचं पाणी म्हसोबाच्या ओट्यावर गेलं. बादशाहनं फिरवली तर वैनीच्या लसणात. तुझ्यासारखं मिंटाला मिंट कुणाला येत न्हाय बाबा."

एवढ्यात बादशाहभाई एम-एटीवरून आले. त्यांना रस्त्यातच कळलं होतं. "खोली बघितली म्हणं?" त्यांच्यामागून बनाकाकू आल्या, हातात शेवयांचा तोच डबा, आता माझ्यासाठी. तिघंही हापशाभोवती उभे राहिले. संभाजीराव म्हणाले, तुझा अर्धा तास तुला. बादशाहभाई म्हणाले, अर्धा कशाला, पाऊण. त्यातली पाच मिनिटं माझी. काकू म्हणाल्या, माझी बी पाच. संभाजीरावांनाही मग पाच द्यावी लागली.

मी कुठे अर्ज केलेला नाही. मी खोली बघितलेली नाही. एमआयडीसीच्या गेटवर मी आयुष्यात एकदाच गेलो आहे, तेही चुकीच्या एसटीतून उतरून. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, क्रमाने, मुद्द्यांसकट. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या पायापाशी तिसऱ्या फेरीचा कॅन होता आणि अजून एकवीस बाकी होते.

मी म्हणालो, "अजून नक्की काही नाही."

तपासून बघितलं, हे वाक्य खोटं नाही.

"म्हंजी झालंच जवळपास," बादशाहभाई संभाजीरावांना म्हणाले. काकूंनी डब्याचं झाकण माझ्यासमोर उघडलं.

शुक्रवारपासून पाऊण तास पाणी मिळतं. आजअखेर एकूण ७४ ट्रे गेले, ३४६ वाचले. शनिवारी ते सगळे लावणीला जातील. ज्यांना कमी पडतील त्यांना मी आज घरी जाऊन सांगून आलो. कोणी ओरडलं नाही. एकाने तर पुढच्या वेळचे शंभर ट्रे आत्ताच सांगून ठेवले.

गुडघ्याचं कळवा, मिठाचं कळवा, सुप्रियाच्या सुपारीला येणार का तेही कळवा. मात्र ती खोली तुम्ही कोणासाठी बघत होता, ते मला लिहू नका.

तुमचा
इंद्रजित